तीस अक्षरांचं कुलूप

त्या प्रकरणाची आठवण झाली की मला आजही एकट्यालाच हसू फुटतं. वडवणी भागातल्या एका बाईंची बैलजोडी चोरीला गेली होती आणि पोळा आठ दिवसांवर आला होता. त्या रोज सकाळी ठाण्यात येत, बाकावर बसत आणि एवढंच विचारत, "सायब, लागला का पत्ता?"

खबऱ्यानं जनावरांच्या एका दलालाचं नाव दिलं. चोरीच्या प्रत्येक जनावराचा फोटो आणि लपवल्याचं ठिकाण तो लॅपटॉपमध्ये ठेवतो, अशी पक्की खबर होती. आम्ही छापा घातला. लॅपटॉप जप्त झाला, पण पासवर्डचा कागद त्या पठ्ठ्यानं पंचांसमोर चावून गिळला. वर प्यायला पाणी मागितलं.

"तीस अक्षरं व्हती सायब, नुसती खिचडी. आता मलाच याद न्हाई."

सायबर शाखेतल्या मॅडमना मी फोन लावला. मशीन लावून एकेक पासवर्ड घालून बघा म्हटलं. त्या हसल्या. एक अक्षर वाढलं की काम जवळजवळ शंभरपट वाढतं, म्हणाल्या. "जगातले सगळे संगणक जुंपले, तरी सूर्याची सगळी ऊर्जा संपेल आणि पासवर्ड राहील. पोळा कधी आहे म्हणालात?"

दलाल रोज नवं ठिकाण सांगे. आज पाटोदा, उद्या घाटनांदूर. जीप दोनदा रिकामी परतली.

माझे मामा जनावरांच्या दलालीतलेच. दलाल चारचौघांत तोंडानं वाट्टेल ते बोलतो, पण खरा भाव रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरतो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तिथं खोटं बोट दाबणाऱ्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

पाचव्या दिवशी मी आमच्या दलालाचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. सगळं ठाणं गोळा झालं. बाई बाकावरून उठल्या.

"सोमवारचं एक बोट, मंगळवारची दोन, असं पुढं. जोडी कोणत्या वाराच्या बाजारगावात हाय, दाब."

त्याचा चेहरा उतरला. "सायब, रुमाल तेवढा नगा घालू."

"कावून बे?"

 रुमालाखाली माझी चार बोटं हळूच दाबली गेली.

चार म्हणजे गुरुवार, आणि गुरुवारी तो एकाच बाजाराला जायचा. मग पंचांसमोर त्यानं निवेदन दिलं आणि त्या गावच्या गोठ्यापर्यंत स्वतः वाट दाखवली. बाईंनी दारातून हाक मारली, तशा आत दोन माना एकदम वळल्या.

लॅपटॉप कधीच उघडला नाही. तेव्हापासून चौकशीला बसलो की मी आधी एकच गोष्ट शोधायचो: समोरच्याला खोटं बोलायची लाज नेमकी कुठं वाटते. ती जागा प्रत्येकाला असते, आणि तिथं पोचायला दांडकं लागत नाही.