सरकीची ऊब
खामगावच्या कापसाच्या जिनिंगसमोरून जाताना ओल्या सरकीचा आंबूस वास आला, की मला नाशिककडची ती जुनी दगडी वायनरी आठवते. ऑफिसातल्या मित्रांच्या सहलीत मी हट्टानं आईलाही नेलं होतं. तिचं अर्धं आयुष्य याच जिनिंगमध्ये सरकी उपसण्यात गेलेलं. वायनरीत गार अंधार होता, भिंतींनाही द्राक्षांचा गोडसर दर्प होता आणि हातातले ग्लास फिरवत आम्ही सगळे मोठ्या जाणकारांसारखे बोलत होतो. आई म्हणाली, "मी पेत नाही, वास घेतो." तिनं ग्लास हुंगला, खाली ठेवला आणि रस आंबत ठेवलेल्या मोठ्या टाकीला सरळ तळहात लावला. "आतून तापून राह्यलं हे. आमची सरकी अशीच तापते, हात घालून पाहा लागते." मित्र हसले. मी तिचा हात ओढून तिला बाजूला घेतलं. "काऊन ओढतं रे?" एवढंच ती म्हणाली. वायनरी दाखवणारी मुलगी म्हणाली, "आजी बरोबर बोलतात, आम्हीही रोज तेच बघतो." पण तोवर आईनं हात पदराखाली नेला होता आणि पुढे तिनं कशालाच हात लावला नाही. परवा, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, मी त्या जिनिंगमध्ये शिरलो आणि सरकीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत चांगलीच ऊब होती. बराच वेळ मला हात बाहेर काढवेना.