दादाची तहान

पुरुषाची अब्रू मिशीत असते, असं आमच्या शुक्रवार पेठेत छातीठोकपणे सांगत. थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, मिशीचं आणि तहानेचंही मूळ मात्र मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या ग्रंथीत होतं, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आम्ही त्याला अर्धा मारून बसलो होतो.

दोन तालमींच्या मिरवणुका एका बोळात समोरासमोर आल्या. आधी कोणी पुढे जायचं एवढाच प्रश्न होता. तो लाठ्यांनी सोडवायचं ठरलं. दादाच्या डोक्यात लाठी बसली तेव्हा नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. नाकातून रक्त आणि पाणी गळू लागलं. पलीकडचा एक गडी कुणाच्या तरी सुऱ्याने पोट फाटून गटारात पडला आणि 'पाणी, पाणी' करत तिथेच मेला. दोन्ही तालमींनी विजय जाहीर केला.

चार दिवसांनी दादा शुद्धीवर आला आणि पाणी मागू लागला. मागतच राहिला. दिवसाला दोन घागरी पिई, तितकंच बाहेर टाकी. महिने गेले तशी दाढी वाढेना, मिशी झडली. भर वैशाखात तो घोंगडी पांघरून कुडकुडे.

वडिलांनी निदान केलं: मेलेला गडी ह्याच्या अंगात शिरून पाणी पितोय. मांत्रिकाने दुजोरा दिला. खांबाला बांधायचं, आसूड ओढायचे, पाणी तोडायचं. पाणीच नाही तर भूत राहील कशाला? तर्कात मला खोट सापडेना. दोर मीच आवळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाची पाठ सोलली होती, जीभ लाकडासारखी झाली होती. तो स्वतःच्या खांद्यावरचं रक्त चाटत होता.

"बघा, रगत मागतंय," मांत्रिक म्हणाला.

वहिनी विळा घेऊन आली. "सरका. दोर कापनार हाय मी."

"सूनबाई, मग भूत जायचं न्हाय!" वडील ओरडले.

"ऱ्हाऊ द्या की! दोघांचा सैपाक करीन. पर धनी गेलं तर?"

मांत्रिकाने तिचा हात धरला. तिने तो हिसडून विळा त्याच्या मनगटावर ओढला. चिळकांडी भिंतीवर उडाली. मी दोर सोडला. दादा रांगत हंड्यापाशी गेला, तोंड घालून गुरासारखा प्यायला, ओकला, पुन्हा प्यायला. हळूहळू त्याचे डोळे माणसाचे झाले.

मांत्रिक उंबऱ्यावर मनगट दाबून, पांढराफटक पडून बसला होता. त्याने घोटभर पाणी मागितलं. हंडा रिकामा होता, आणि नळाला पाणी सकाळी यायचं.