नानांच्या हौदातलं शेवाळ

मला किळस फार लवकर येते. दुधावरची साय बोटाला लागली तरी मी हात धुऊन येतो, आणि बायको त्यावरून चारचौघांत माझी टिंगल करते. अशा माणसाने घरामागे स्विमिंग पूल बांधू नये. मी बांधला, कारण हौसेला मोल नसतं. आणि ही हौस माझी नव्हती, नानांची होती.

नाना म्हणजे माझे वडील. विंचूरजवळच्या एका खेड्यात त्यांचं लहानपण गेलं. गावाला विहीर होती, पण आमच्या वस्तीतल्या माणसांनी तिच्या पाण्याला शिवायचं नाही असा दंडक होता. गावातल्या कोणीतरी वरून ओतायचं, आपण खाली हंडा धरायचा, आणि कोणी आलंच नाही तर ऊन डोक्यावर येईपर्यंत ताटकळायचं. त्याच विहिरीत गावची पोरं दुपारभर धपाधप उड्या मारायची. नाना पुढे शिकले, नाशिकला आले, कारकुनी करून निवृत्त झाले, पण पोहणं राहिलंच. एकदा टीव्हीवर पोहण्याची शर्यत बघताना सहज म्हणाले, "गळ्याइतक्या पाण्यात एकदा उभं राहून बघायचं होतं." दिंडोरी रोडला घर बांधलं तेव्हा मागे बारा बाय वीसचा पूल काढला, तो त्या एका वाक्यासाठी.

पूल झाला तरी नाना उतरेनात. आज थंडी आहे, उद्या गुडघा दुखतोय. शेवटी म्हणाले, "बुद्धपौर्णिमेला उतरतो. सगळे असतील तेव्हा." आणि खरंच बाजारात जाऊन स्वतःसाठी निळी चड्डी घेऊन आले. सत्त्याहत्तराव्या वर्षी.

पौर्णिमेला चार दिवस राहिले असताना आम्ही सासुरवाडीहून परत आलो. आठ दिवस नाना एकटेच घर राखायला थांबले होते. मी मागचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावून तिथेच थिजलो. पाणी कुठे दिसतच नव्हतं. पालकाची भाजी डब्यात विसरून चार दिवसांनी उघडावी, तसा एक हिरवा, फेसाळ लगदा काठापर्यंत भरला होता. वर माश्या मरून पडलेल्या, मधूनच एखादा बुडबुडा फुटायचा आणि कुजका वास वर यायचा. भिंतीवरून बोट फिरवलं तर बोटाला शेंबडासारखं काहीतरी लोंबायला लागलं. मी अंगणातल्या नळाखाली तीनदा साबण लावला.

पूलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, मी आठवडाभर मोकळा नाही. पाणी फेकू नका, भिंती घासा, क्लोरीन टाका आणि फिल्टरची मोटर रात्रंदिवस चालू ठेवा. पौर्णिमेपर्यंत होईल." होईल म्हणायला त्याचं काय जातंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालू केली, रबरी हातमोजे चढवले आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन पायऱ्यांवर उतरलो. गुडघ्याइतक्या त्या घाणीत पाय टाकताना अंगावर शहारे आले. पायाखाली सगळं बुळबुळीत. ब्रश फिरवला की भिंतीवरचं शेवाळ लांब लांब पट्ट्यांनी सुटायचं आणि माझ्या पोटऱ्यांना गुंडाळलं जायचं. कचरा अडवणाऱ्या जाळीत हात घातला तर एक फुगलेला बेडूक हाताला लागला. मी ओरडलो, बेडूक फेकला आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली सकाळचा चहा ओकून आलो. बायको खिडकीतून म्हणाली, "बेडूक मेलेला होता ना? मग घाबरलास कशाला?"

बारापर्यंत तीन भिंती घासल्या आणि क्लोरीनची पावडर सगळीकडे भिरकावली. जरा दम खाल्ला तेव्हा लक्षात आलं, मोटरचा आवाज येत नाहीये. जाऊन बघतो तर बटण बंद.

"मी केलं," नाना ओट्यावरून म्हणाले. "हौद तर भरलेलाच हाय. भरल्यावर मोटर कशाला चालू ठेवायची?"

"नाना, आम्ही नव्हतो तेव्हाही बंद केली होती?"

"रोज. तू चालूच ठेवून गेला होतास."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने जन्मभर गच्चीवरची टाकी वाहायला लागायच्या आत धावत जाऊन मोटर बंद केली, त्याला ही मोटर पाणी भरत नाही, गाळते, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. पण त्या क्षणी हे मला सुचलं नाही. मी दात आवळून बटण दाबलं आणि पाण्यात आता पावडर होती म्हणून काठावरूनच चौथी भिंत घासायला लागलो.

माझा चेहरा बघून नानांना आपलं काहीतरी चुकलंय हे उमगलं होतं. थोड्या वेळाने सदऱ्याच्या बाह्या सारून ते काठाशी आले, कसेबसे उकिडवे बसले आणि शेवाळाचा एक पुंजका काढायला त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका पाण्याला!" मी खेकसलो. "लांब व्हा!"

पावडर नुकतीच टाकली होती, त्यांची कातडी भाजली असती. हे सगळं खरं. पण मी जसा ओरडलो, तसं बापावर कोणी ओरडत नाही. नानांचा हात तिथल्या तिथे मागे गेला. ते रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. ज्याला हे शब्द पाठ असतात तो माणूस जसा बाजूला होतो, तसे ते झाले आणि घरात गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. "नाना, औषध टाकलं होतं म्हणून ओरडलो." ते म्हणाले, "कळलं ना मला. जेवलास का?"

पुढचे दोन दिवस मी मेलेलं, राखाडी झालेलं शेवाळ तळातून ओढून काढत होतो. वास केसांतून जात नव्हता. पौर्णिमेच्या सकाळी मात्र तळाच्या फरशा दिसायला लागल्या. वंदना झाली, खीर झाली, चुलत भावंडं काठावर जमली, पोरांनी उड्या टाकल्या. नाना पायऱ्यांपाशी आले, खाली वाकले आणि थांबले. मान वर करून त्यांनी मला विचारलं, "आता लावू का हात?"

टोमणा असता तर मी मुकाट्याने ऐकून घेतला असता. टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते आणि उत्तराची वाट बघत होते.

"लावा ना, नाना," मी म्हणालो.

ते एकेक पायरी उतरत गळ्याइतक्या पाण्यात गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला माझीच किळस आली. बापाला पाण्यात हात घालायची परवानगी दिली होती मी.