खुन्याला माफी

बऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेतल्या ख्रिस्ती मॅडम मला त्यांच्याकडच्या नव्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायला देतात. त्यांत प्रेम असतं, खून असतो आणि मधूनमधून प्रार्थना. प्रार्थनेचं मला वावडं नाही, पण परवाची कादंबरी वाचून मी हादरलेच. नायिका तुरुंगात जाऊन बापाच्या खुन्याला माफ करते! मी पुस्तक दिवाणावर आपटलं.

"हद्द झाली! जीव मुठीत धरून वाचलं, ते यासाठी?"

शेजारी मेथी निवडणाऱ्या सासूबाईंना मी रोज गोष्ट सांगते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि तू बहादरपूरच्या जावेशी सहा वर्षं का बोलत नाहीस गं?"

जावेचा गुन्हा एवढाच, की लेकीच्या लग्नाचं आमंत्रण तिने घरी येऊन, कुंकू लावून दिलं नाही, मोबाइलवर धाडलं.