भूल नको, डाक्टरनी

रुग्णाला बेशुद्ध करण्याला आपण मराठीत ‘भूल देणं’ म्हणतो. या एका शब्दापायी लातूरच्या दवाखान्यात एकदा माझी चांगलीच पंचाईत झाली.

उदगीरचे एक वयस्क टेलरचाचा बायपाससाठी दाखल झाले होते. हृदय आधीच कमजोर. मी जाऊन म्हटलं, “मी भूल देणारी डॉक्टर.” झालं! त्यांची बायको खाटेला आडवी उभी राहिली.

“भूल नको, डाक्टरनी. बिनभूल का आपरेशन करो.”

घरात दखनी बोलणारी माणसं. तिच्या कानाला भूल म्हणजे एक तर चूक, नाहीतर विसर. चाचांची नजर अधू झाल्यापासून सुईत दोरा तीच ओवून द्यायची. “उठके मेरेकूच भूल गए तो?” म्हणत तिनं खाटेचा दांडा धरला. मला गलबललं.

मी स्टूल ओढून बसले. “चाचा, कोऱ्या लट्ठ्याचं कापड कापायच्या आधी काय करता?”

“भिगाते. नै तो बाद में सिकुडता.”

मग मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. ऑपरेशनमध्ये हृदयाचं रक्त थोडा वेळ बंद करावं लागतं. ते पुन्हा सोडलं की हृदयाला इजा होऊ शकते. आधीपासून गुंगीचा गॅस हुंगवला, तर ते धक्का सोसायला तयार राहतं, असं मला वाटतं. लट्ठा भिजवून घेतात, तसंच. चाचांनी मान हलवली. बाई बाजूला सरकली, पण रागातच.

सर्जनसाहेब आमचेच मित्र; लट्ठ्याची गोष्ट त्यांनी दारातून ऐकली होती. “मॅडम, शिरेतलं भुलीचं औषध काय वाईट आहे? गॅसनं हृदय वाचतं यावर तुमच्या भूलतज्ज्ञांतच एकमत नाही.”

ते खरंच होतं. पण या माणसाला गॅसनं जादा धोका नव्हता, आणि फायद्याची आशा होती. मी मूळची भोकरची. एकदा ठाण मांडलं की हलत नाही. गॅसच दिला.

रक्त पुन्हा सोडलं तेव्हा हृदय नुसतंच थरथरलं. शॉक द्यायला सर्जनचा हात पुढे झाला, तोच एक ठोका पडला. मग दुसरा.

“भिजला बरं का तुमचा लट्ठा,” सर्जन म्हणाले.

त्यात गॅसचा वाटा किती, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण तसं कमजोर हृदय आलं की आधी गॅसचाच विचार करते, आणि त्यासाठी भांडतेही.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या घशातली नळी काढली. बाई वाकून म्हणाली, “पहचाने क्या?”

आवाज पुरता बसलेला. “सुई में धागा तू डालती. कैसा भूलूँगा?”

तोंडाला मास्क होता म्हणून बरं, नाहीतर भूल देणाऱ्या डॉक्टरनीचं रडणं सगळ्या वॉर्डानं पाहिलं असतं.