अंगठा परत लाव

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर तारीख लिहीत होते, तेव्हा शिपाई दारात आला. "बाई, तुमच्या भावाला..." अविनाशदादा गेला त्याला सहा आठवडे झाले. कागदावर हृदयविकार लिहिलंय. मी ते मानत नाही.

दादा इथे सिल्वासात एका मोबाइल कंपनीत खोटे नंबर पकडायच्या कामावर होता. कसे ओळखतोस, विचारलं की हसायचा. "खऱ्या माणसाला कुणीतरी फोन करतंच गं. ज्याला कुणीच करत नाही आणि जो एका जागेवरून दिवसभर लावतच सुटतो, तो माणूस नाही, मशीन." असंच माग काढत त्याला डोकमर्डी भागातली एक खोली सापडली. शेकडो सिमकार्डं लावलेली यंत्रं तिथे परदेशातले फोन इथलेच भासवून, त्यांचे जादा दर चुकवत पुढे ढकलत होती. सिम निघाली सुताच्या कारखान्यातल्या, आमच्या नंदुरबारकडच्या कामगारांच्या नावावर. त्यांना पत्ताही नव्हता. सिम विकणारा आप्पा त्यांच्याच गावाकडचा. म्हणायचा, "अंगठा उमटला नाही भाऊ, परत लाव." काम करून बोटं झिजलेली, त्यामुळे बिचाऱ्यांना आपलाच दोष वाटायचा. पहिला अंगठा उमटलेलाच असायचा; दुसऱ्यांदा लावलेल्यावर त्यांच्या नावाचं दुसरं सिम निघायचं, ते त्या खोलीत जायचं.

दादाने अहवाल दिला. पण सगळ्यात जास्त सिम आप्पाच विकायचा, कंपनीतल्या साहेबांचा लाडका. अहवाल दाबला गेला आणि माहिती फोडल्याचा ठपका ठेवून दादालाच घरी बसवलं. "चोर मी पकडला ना गं?" एवढंच विचारत राहायचा... मग तेही थांबलं.

दहाव्याला आप्पा आला, पांढराशुभ्र सदरा घालून. "देवमाणूस होता," म्हणाला. हातातला तांब्या मी त्याच्या डोक्यात घातला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. त्याऐवजी मी कामगारांच्या खोल्या-खोल्यांतून फिरले. तेरा कामगारांनी तक्रारीवर अंगठे उठवले. दुकानाला सील लागलं, आप्पा जामिनावर सुटला, साहेबांची चौकशी चालू आहे. माझं एवढ्याने भागत नाही.

संशय आलेल्या नंबराला दादा सकाळच्या चहानंतर स्वतः फोन करून बघायचा. त्याची ती सवय मी मोडू दिलेली नाही. रोज चहा झाला की त्याच्याच फोनवरून आप्पाला फोन लावते. तिकडे दादाचं नाव दिसतं. मी बोलत काहीच नाही. काल तो रडकुंडीला आला. "ताई, चुकलं माझं. माफी मागतो ना!"

"उमटली नाही, आप्पा," मी म्हटलं. "परत मागा."