शेकाआधीचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडच्या गावातली माणसं खडी फोडायला जात होती, आणि आम्ही मायलेकी माझ्या धाकट्या भावाला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात बसलो होतो. त्याच्या मेंदूत गाठ होती. तिला किरणांचा उपचार ठरला होता. किरण-बिरण आमच्या डोक्यात शिरेना. तिथले सगळे पेशंट शेक म्हणायचे, आम्हीही शेकच म्हणू लागलो.

डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ. म्हणाले, "गाठ जळेल, पण आजूबाजूचा चांगला मेंदूही थोडा भाजेल. कदाचित माणसं ओळखायचा नाही."

आईनं एवढंच धरलं. "मला वळखील ना?" आणि लगेच पुढं म्हणाली, "भाकरी तव्यावर टाकली की आमी वरून पानी लावतो, मंग तिला चिरा पडत न्हाईत. तसं काय लावाया न्हाई का तुमच्याकडं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या शिकलेल्या माणसापुढं भाकरी कसली काढतेय ही! पण डॉक्टर हसले नाहीत. "चांगल्या पेशींना वाचवणारं औषध शोधतायत, आई. परदेशात उंदरांवर प्रयोग चाललेत. माणसांना मिळायला वेळ आहे. आणि मेंदूपर्यंत ते पोचेल का, हेही अजून कुणाला ठाऊक नाही."

आईला त्यातलं 'शोधतायत' तेवढं ऐकू आलं. मग रोज भावाला आत नेलं की दाराशी उभी राहून विचारायची, "आलं का वो पानी?" गावाकडं टँकरची वाट बघणारी बाई ती, तिला वाट बघायची सवयच होती. मी खेकसायचे, "गप बस की आई. उंदरांचं औषध हाय ते." डॉक्टर मान खाली घालून म्हणायचे, "अजून नाही."

गाठ विरघळली. आम्ही त्याला घरी आणलं. तो चालत होता, जेवत होता, मधूनच हसतही होता. बोलणं तेवढं कमी झालं होतं. थकलाय, म्हणून आम्ही सोडून दिलं. पोरगं वाचलं, असं जो तो म्हणायचा, आणि मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

एका सकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती. भाऊ ताट घेऊन समोर बसला होता. चार घास खाऊन तिच्याकडं बघत म्हणाला, "मावशी, भाकरी लई झ्याक झालीय. तुमी कुठल्या?"

तव्यावरच्या भाकरीला पाणी लावायला उचललेला आईचा हात तसाच थांबला. मला रडू आवरेना, मी तोंड फिरवलं. मग तिनं भाकरीवरून पाणी फिरवलं, अगदी कडेपर्यंत.

"इथलीच हाय बाबा," ती म्हणाली. "खा पोटभर."